‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ म्हणण्याआधी

माझ्या आत्याचा टॅब एका दुपारी अचानक बोलायला लागला. कुठंही बोट लावलं की आतली बाई त्या जागेचं नाव वाचून दाखवायची, आणि उघडायला गेलं तर काहीच उघडायचं नाही. यादी खाली सरकवायची म्हटलं तरी सरकेना. आत्यानं टॅब पिशवीत घातला आणि बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानदारानं दोन मिनिटं इकडंतिकडं बोटं मारली आणि सांगितलं, "व्हायरस हाय मावशी. सॉफ्टवेअर मारावं लागेल. पाचशे रुपये, आणि आतलं सगळं जाईल." आतलं सगळं म्हणजे नातवाच्या बारशाचे फोटो. आत्या तशीच परत आली, म्हणून ते वाचले.

व्हायरस वगैरे काही नव्हता. त्याच नातवानं खेळता खेळता आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम धरून ठेवली होती, आणि मग समोर आलेल्या चौकटीत जे दिसलं ते दाबलं होतं. त्यानं टॉकबॅक नावाची सोय चालू झाली. तीच दोन बटणं मी पुन्हा तीनेक सेकंद दाबून धरली. बाई गप्प झाली. आत्या माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मी भूत उतरवलं.

टॉकबॅक ही दृष्टिहीन माणसासाठी केलेली सोय आहे, आणि ती चालू असताना बोटाचे नियमच बदलतात. एकदा टेकवलं तर फक्त नाव ऐकू येतं, उघडायचं तर दोनदा पटपट टेकवायचं, आणि सरकवायला एका बोटाऐवजी दोन बोटं लागतात. हे माहीत नसेल तर चांगला टॅब बिघडलेला वाटणारच. आयपॅडमध्ये याच सोयीला व्हॉइसओव्हर म्हणतात, आणि तिथं सरकवायला तीन बोटं लागतात. तुमच्या घरातला टॅब कधी असा बोलायला लागला, तर हे नियम पाळून सेटिंग्जपर्यंत जाता येतं आणि सोय बंद करता येते. इंग्रजीत "टर्न ऑफ टॉकबॅक" किंवा "टर्न ऑफ व्हॉइसओव्हर" असं त्यातल्या सहायकाला, म्हणजे गुगलला किंवा सिरीला, तोंडी सांगितलं तरी बहुतेक वेळा काम होतं. पाचशे रुपये वाचतात.

या सगळ्या सोयी सेटिंग्जमध्ये एकाच ठिकाणी असतात. हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं छोटं चित्र, आणि शेजारी नाव: ॲक्सेसिबिलिटी. सरकारी मराठीत याला ‘सुगम्यता’ म्हणतात, पण आमच्या सोलापुरात हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. वेगळं काही विकत घ्यायचं नसतं, बहुतेक सगळं टॅबसोबतच येतं. टॉकबॅक अँड्रॉइडमध्ये 2009 पासून आहे, आणि 2010 साली पहिला आयपॅड आला तो व्हॉइसओव्हर घेऊनच आला. इतकी वर्षं हे खण आपल्या घरात आहेत आणि आपण ते उघडलेले नाहीत.

उघडत नाही याचं एक कारण मला कळतं. ‘दिव्यांगांसाठी’ असं ऐकलं की माणूस म्हणतो, ते आपल्यासाठी नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग मोजले गेले. माझे मामा त्यांत नाहीत. त्यांच्याकडं कुठलं प्रमाणपत्र नाही आणि कुणी विचारलं तर "मला काय झालंय?" म्हणतील. पण ज्याला टॅब वापरता येत नाही असा पहिला माणूस कोण, तर माझ्या डोळ्यांसमोर तेच येतात.

मामांनी पस्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवला. मुलगी पुण्याला असते, तिनं टॅब पाठवला. महिनाभर तो टीव्हीच्या कपाटावर रुमालाखाली होता. "दाबायलोय की, पण उघडंना झालंय," एवढीच तक्रार. मुलगी फोनवर सांगायची, "अहो बाबा, नुसतं हलकं टेकवा." मामा हलकं टेकवायचे म्हणजे त्यांच्या मानानं हलकं.

मी एक दिवस त्यांच्या शेजारी बसलो आणि पंधरा मिनिटं काही न सांगता नुसतं बघितलं. माझ्या मते कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी हे करावंच. मामा चित्रावर बोट ठेवायचे आणि ते उघडेपर्यंत उचलायचेच नाहीत. दारावरची बेल दाबतात तसं. टॅबच्या हिशेबात बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं की ते ‘दाबणं’ नसतं, ‘दाबून धरणं’ असतं, आणि त्याचा अर्थ वेगळा: हे चित्र हलवायचंय का, काढून टाकायचंय का? मामांच्या समोर रोज तीच चौकट यायची. घाबरून ते बोट झटकायचे, की चित्र जायचं भलतीकडं. तीन दिवसांत व्हॉट्सॲप चौथ्या पानावर जाऊन बसलं होतं.

यावर सेटिंग एकच होतं. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘टच अँड होल्ड डिले’ नावाचा पर्याय असतो: कमी, मध्यम, जास्त. तो ‘जास्त’वर नेला. आता बोट थोडा वेळ टेकून राहिलं तरी टॅब त्याला साधं दाबणंच समजतो. आयपॅडमध्ये हेच काम ‘टच ॲकमोडेशन्स’मध्ये होतं, आणि तिथं आणखी बारकावे आहेत. बोट किती वेळ टेकल्यावर ते खरं मानायचं, पाठोपाठ दोनदा लागलं तर दुसरं सोडून द्यायचं, बोट जिथं पहिल्यांदा टेकलं ती जागा धरायची की जिथून उचललं ती. हात थरथरणाऱ्या माणसाला शेवटचा पर्याय फार उपयोगी. चुकीच्या जागी टेकलं तरी न उचलता बरोबर जागेवर घसरत न्यायचं आणि मग सोडायचं. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड टॅबमध्येही पाठोपाठचे स्पर्श सोडून देण्याची सोय असते.

मामांच्या बोटांची दुसरी गोष्ट म्हणजे कातडी. तुटलेले धागे सांधून सांधून अंगठा आणि तर्जनी वाळलेल्या चामड्यासारखी झालेली. टॅबची काच दाब मोजत नाही, बोटातून होणारा अगदी बारीक विद्युत-फरक मोजते. कातडी जाड आणि कोरडी असली की तो फरक कमी पडतो. म्हणून जोरात दाबून उपयोग नसतो. काही टॅबमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायचा पर्याय आहे, तो चालू करून बघावा. नाहीतर हाताला थोडं खोबरेल लावून पुसून घ्यावं, हा मामींचा उपाय. त्यानंही फरक पडतो. काचेवर डाग राहतात ते वेगळं. आणि हे दोन्ही नाही जमलं, तर संगणकाचा साधा माउस अडॅप्टर लावून टॅबला जोडता येतो. अँड्रॉइडला तो चालतो, आयपॅडलाही 2019 पासून चालतो. पडद्यावर बाण दिसायला लागतो आणि बोटाचा प्रश्नच मिटतो.

आता डोळे. इथं लोक एक गल्लत हमखास करतात. ‘अक्षर मोठं करून द्या’ म्हणतात, पण मोठं करण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा आहेत. पहिली, फक्त अक्षरांचा आकार. बटणं आहेत तेवढीच राहतात. दुसरी, डिस्प्ले साइझ, यात अक्षरं, चित्रं, बटणं सगळंच वाढतं आणि पडद्यावर मावतं कमी. तिसरी म्हणजे भिंग, मॅग्निफिकेशन. यात पडदा आहे तसाच, पण हवा तेव्हा हवा तो भाग मोठा करून बघायचा आणि परत सोडायचा. अँड्रॉइड 12 पासून पडद्याच्या एका तुकड्यावरच चौकोनी भिंग फिरवता येतं, बाकी पडदा जागेवर दिसत राहतो. आयपॅडवर तीन बोटांनी दोनदा टेकवलं की भिंग लागतं, तसंच निघतं. पुष्कळांचा आयपॅड ‘मोठा होऊन अडकतो’ तो यामुळंच, तिथंही सॉफ्टवेअर मारायची गरज नसते.

कुणाला काय लावावं? रोज वाचणाऱ्याला पहिली तऱ्हा. बटण चुकतंय त्याला दुसरी. एरवी ठीक दिसतं पण वीजबिलाचा आकडा बारीक वाटतो, त्याला भिंग. तिन्ही एकदम पूर्ण वाढवून ठेवली की पडद्यावर दोन शब्द मावतात आणि ‘पुढे’चं बटण कडेच्या बाहेर जातं, मग माणूस अडकतो. माझ्या एका शेजाऱ्यांचं असं झालं होतं. मुलानं प्रेमानं सगळंच शेवटपर्यंत ओढून ठेवलं होतं.

मराठी वाचणाऱ्यासाठी मी आकाराच्या आधी ‘बोल्ड टेक्स्ट’ चालू करतो. आपल्या लिपीत अक्षर मोठं केलं तरी अनुस्वार, रफार, उकार त्या मानानं बारीकच राहतात, आणि ‘कर’ आहे की ‘करं’ तिथंच गाडी अडते. अक्षर ठळक झालं की टिंब दिसतं. मोतीबिंदू असलेल्यांना पांढऱ्या पडद्याचा चकाकाट सहन होत नाही. त्यांना काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं बरी वाटतात. उलट काहींना तीच अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. दोन्ही लावून विचारायचं, आपल्या मनानं ठरवायचं नाही. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांसाठी रंग बदलून दाखवायचीही सोय आहे, कलर करेक्शन म्हणून. आणि दिसण्यात अचानक फरक पडला असेल तर सेटिंग शोधत बसू नका, डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

वाचता येतं, पण दहा मिनिटांत डोळे दुखतात, अशी माणसं सगळ्यांत जास्त. त्यांना टॉकबॅक कधीच लावून देऊ नये. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे: अँड्रॉइडवर ‘सिलेक्ट टू स्पीक’, आयपॅडवर ‘स्पीक स्क्रीन’. बाकी टॅब नेहमीसारखाच चालतो, हवं तेवढं पान वाचून घेता येतं. आयपॅडवर पडद्याच्या वरच्या कडेवरून दोन बोटं खाली ओढली की वाचन सुरू. आवाज मराठीत मिळतो का, हा पहिला प्रश्न असतो. मिळतो. अँड्रॉइडवर गुगलच्या वाचनसेवेत मराठी आवाज उतरवून घ्यावा लागतो. ॲपलनं 2022 मध्ये, आयपॅडओएस 16 या आयपॅडच्या नव्या प्रणालीसोबत, मराठी, तेलुगू आणि कन्नड असे तिन्ही आवाज एकदम दिले. ती यादी वाचताना मला हसू आलं होतं, आमच्या गल्लीची शिरगणतीच जणू. आमच्याकडं समोरच्या आजी नातवाशी मराठीत, सुनेशी तेलुगूत आणि भाजीवालीशी कन्नडमध्ये बोलतात. त्यांच्या आयपॅडवर तेलुगू आवाज लावून दिला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, बिड्या वळण्यात आयुष्य गेलं. बहिणीचा तेलुगूत आलेला मेसेज त्या आता कुणाला न विचारता ऐकतात. दृष्टिहीनांसाठी केलेली वस्तू निरक्षराच्या कामी आली.

टॅबला काय वाचायचं हे कळतं कसं? मला हे समजायला वेळ लागला, म्हणून आमच्या गावच्या भाषेत सांगतो. चादरींच्या गोदामात बंडलं रचलेली असतात. प्रत्येक बंडलावर चिठ्ठी असते: डिझाइन कुठलं, रंग कुठला, नग किती. हिशेबनीस बंडल सोडून बघत नाही, चिठ्ठी वाचतो. टॉकबॅक हा तो हिशेबनीस. पडद्यावरच्या प्रत्येक गोष्टीमागं ॲप बनवणाऱ्यानं एक चिठ्ठी लावायची असते: हे बटण आहे, याचं नाव ‘पैसे पाठवा’, हे सध्या बंद आहे. चिठ्ठी असली की सगळं नीट चालतं. ॲप बनवणारा विसरला, तर आवाज येतो नुसता ‘बटण’. पुढचं, ‘बटण’. त्याच्या पुढचं, ‘बटण’. डोळ्यांनी बघणाऱ्याला सुंदर रंगीत चित्रं दिसत असतात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसता जप येतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता येईल असं करायला कलम 42 आहे. पण कलमानं चिठ्ठी चिकटत नाही, ती कुणीतरी बसून चिकटवायला लागते.

मराठीत यातली एक खास पंचाईत आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच आकडा देणारी पद्धत, सर्वत्र रुळण्याआधी आपण जे फाँट वापरायचो, त्यांत पडद्यावर ‘सोलापूर’ दिसायचं, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाँट फक्त त्यांना मराठी कपडे घालायचा. अशा फाइली अजून फिरतायत, परिपत्रकं, पत्रिका, जुने अंक. टॉकबॅक कपडे बघत नाही. तो आतलं वाचतो, आणि कानावर येतं निव्वळ कडबोळं. आत्या म्हणाली, "ही बाई मध्येच इंग्रजीत शिव्या देते का काय?" दोष आवाजाचा नसतो. तीच गत फोटोंची. पेपरचं छापील पान जसंच्या तसं टाकलेलं असेल तर टॅबच्या लेखी ती एक प्रतिमा, शब्द नाहीत. त्याच पेपरच्या संकेतस्थळावरची बातमी मात्र खडाखडा वाचली जाते. आणि गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं ‘शुभ सकाळ’ न दिसणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. (एरवीही ते पोचलं नाही तर माझी तक्रार नाही, पण लग्नाची तारीख आणि कार्यालयाचा पत्ता तरी पत्रिकेच्या फोटोखाली टाइप करून पाठवावा.)

आता मामांच्या कानाकडं येतो. मागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जो उभा राहिलाय त्याला सांगायला नको. धोटा इकडून तिकडं आपटतो, असे वीस-पंचवीस माग एकदम. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि माग सर्रास त्याच्या वर जातात. अशा आवाजानं कान सगळा एकदम जात नाही, आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यात उंच पट्टीचे असतात ते स, श, त, क, फ असले वर्ण. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून मामा म्हणतात, "ऐकू येतंय, कळत न्हाई." आणि आपण काय करतो? आवाज वाढवतो. त्यानं जे ऐकू येतंय तेच आणखी मोठं होतं.

टॅबमध्ये ऐकण्यासाठी एक अगदी साधं बटण आहे: मोनो ऑडिओ. इअरफोनमध्ये काही आवाज डाव्या बाजूला, काही उजव्या बाजूला येतात. ज्याचा एकच कान चालतो त्याला निम्मं गाणं मिळतं. हे बटण दाबलं की दोन्ही बाजूंचं एकत्र करून दोन्हीकडं दिलं जातं. शेजारीच डावा-उजवा तोल सरकवायची पट्टी असते. मामा एरवी डावा इअरफोन काढूनच ठेवायचे, आता उजव्या कानात अख्खं भजन येतं.

खरा फरक पडला तो लाइव्ह ट्रान्सक्राइबनं. गुगलनं हे 2019 मध्ये आणलं. अमेरिकेतल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाची त्यात साथ होती आणि कल्पनेमागचे शास्त्रज्ञ दिमित्री कानेव्हस्की हे स्वतः कर्णबधिर आहेत. काही टॅबमध्ये ते आधीच असतं, बाकीच्यांवर प्ले स्टोअरमधून फुकट घेता येतं. समोरचा माणूस बोलतो, आणि शब्द पडद्यावर उमटत जातात, मोठ्या अक्षरांत, मराठीतही. सहसा इंटरनेट लागतं. पंखा कमी करावा लागतो आणि टॅब बोलणाऱ्याच्या जवळ, मध्ये ठेवावा लागतो. तीन माणसं एकदम बोलली की कुणाचंच धड उमटत नाही, म्हणजे आमच्या घरात अर्धा वेळ. आणि ते पुस्तकी मराठी जास्त ओळखतं. ‘काय करायलाय’ म्हटलं की गडबडतं, ‘काय करतोयस’ म्हटलं की बरोबर लिहितं. त्यामुळं मामी आजकाल मामांशी पुणेरी बोलतात, याची गल्लीत थट्टा होते.

लेकीच्या फोनसाठी आम्ही एक जुगाड केलाय. फोन येतो मामांच्या साध्या मोबाइलवर. तो स्पीकरवर टाकून टॅबच्या शेजारी ठेवायचा, टॅबवर लाइव्ह ट्रान्सक्राइब चालू. एकाच यंत्रावर दोन्ही करायला गेलं तर मायक्रोफोनची ओढाताण होते, म्हणून दोन. हे रोज सेटिंग्जमध्ये शोधायला नको म्हणून ॲक्सेसिबिलिटीचा शॉर्टकट पडद्याच्या कडेला तरंगता ठेवलाय, एका टेकवण्यात उघडतं. टेकवणं आता जमतं.

परवा लेकीचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. मामा चष्मा कपाळावर चढवून टॅबवर वाकलेले. पडद्यावर ओळ आली: ‘बाबा इकडे येताना शेंगा चटणी आणि कडक बातमी घेऊन या’.

मामा दोन सेकंद त्या ओळीकडं बघत राहिले. मग आत मान वळवून ओरडले, "अगं ए, भाकरी पन्नास बांध. पोरगी मागायलीय."